बावीस वेळा नाही

शिक्केवाल्याच्या घरी रोज सकाळी सव्वासातला एक बाई रडायची आणि घरातलं कोणीही मान वर करून बघायचं नाही. बघण्यासारखं काही नव्हतंच. ती दात घासत असायची.

बाई म्हणजे शिक्केवाल्याची थोरली बहीण. घरात ताई आणि बाहेरही ताईच. गेली एकोणीस वर्षं ती बसस्टँडवर माइकसमोर बसून गाड्यांच्या घोषणा करत होती. शहरातल्या बहुतेकांनी तिला कधी पाहिलेलं नव्हतं, पण तिने "सुटण्याच्या तयारीत आहे" म्हटलं की धडधाकट माणसं चहा अर्धा टाकून पळत सुटायची. एवढी सत्ता मंत्र्याच्या आवाजालाही नसते.

तिचं तोंड मात्र घरच्यांनीही पाहिलेलं नव्हतं. आतून, म्हणजे. दोन्ही गालांना आतल्या बाजूने पांढरी जाळी धरली होती, एखाद्या कोळ्याने भरपगारी रजा काढून विणल्यासारखी. हिरड्या होत्या सोललेल्या गुडघ्यासारख्या लाल. सहा वर्षं हे चाललं होतं. टूथपेस्ट लागली की डोळ्यांतून पाणी, टोमॅटो लागला की पाणी, लिंबू तर नुसतं समोर दिसलं तरी पाणी. एकेक पदार्थ ताटातून रजा घेत गेला आणि शेवटी मऊ भात, कोमट दूध आणि दुधात भिजवलेला पाव एवढेच कामावर उरले.

घरच्यांनी सहा वर्षांचं हे दुखणं दोन शब्दांत बसवून टाकलं होतं: तोंड आलंय. सल्लेही तयार होते. शिक्केवाल्याची बायको म्हणायची, "वन्सं, पोट साफ ठेवा." डेपो मॅनेजर म्हणायचे, "ताई, बोलणं जरा कमी करा." हे घोषणा करणाऱ्या बाईला! आणि शिक्केवाला स्वतः, डोळ्याला भिंग लावून रबर कोरता कोरता, मान न उचलता म्हणायचा, "उष्णता." उष्णता हा फार सोयीचा आजार आहे. तो सगळ्यांना असतो आणि त्यासाठी कोणाला खुर्चीतून उठावं लागत नाही.

घासलं की आग, नाही घासलं की दातांवर कीटण. या दोघांच्या भांडणात ताईचे वरचे समोरचे दोन दात आधी हलले आणि मग गेले. त्यांच्या जागी दोन दातांची छोटी कवळी आली. ती कच्च्या हिरडीवर अशी घासायची की ताईने एक व्यवस्था लावली: माइक चालू असेल तेव्हा कवळी तोंडात, बंद असेल तेव्हा पेल्यात. एकदा गडबडीत ती पेल्यातच राहिली आणि सतरा नंबरची गाडी 'हतरा' होऊन सुटली. फलाटावर लोक हसले. आत काचेच्या खोलीत ताईने माइक बंद केला आणि टेबलावरचं वेळापत्रक बराच वेळ सरळ करत राहिली. ते आधीच सरळ होतं.

त्याच आठवड्यात मॅनेजरांनी खोलीच्या कोपऱ्यात एक मशीन आणून ठेवलं. रेकॉर्ड केलेल्या आवाजाचं.

"ताई, दोन महिने देतो," ते म्हणाले. "तोवर दात आले तर माइकवर तुम्ही, नाहीतर मशीन."

जणू काही ताई सहा महिन्यांची होती.

आता शिक्केवाल्याबद्दल. त्याचं दुकान एका बाजूला कोर्ट, दुसऱ्या बाजूला नगरपालिका आणि समोर दोन बँका अशा सुपीक जागी होतं. खपणारे शिक्के ठरलेले: 'तपासले', 'वाचून समजले' आणि 'समक्ष पाहिले'. हा शेवटचा तो डझनाने करायचा. माणूस न बघता मारणार हे गृहीत धरून त्याची मूठ जरा जाड ठेवायचा. दुकानावर पाटी होती: 'मजकूर गिऱ्हाइकाचा, अक्षर आमचं.' या पाटीचा त्याला भारी अभिमान. कोणी काही बोललं की तो नुसतं बोट वर करायचा.

तीन महिन्यांपूर्वी 'हसरा चेहरा डेंटल क्लिनिक'मधून त्याच्याकडे एक ऑर्डर आली होती. एकाखाली एक, बावीस वेळा, 'नाही'. एवढाच मजकूर. शिक्केवाल्याने एकच प्रश्न विचारला होता.

"दोन 'नाहीं'त अंतर किती ठेवू?"

अंतर मोजून मिळालं. बावीस 'नाही' चार दिवसांत तयार झाले. रेषा अशी सरळ, की बघणाऱ्याने पट्टी लावून पाहावी आणि पट्टीलाच लाज वाटावी. फक्त सातवं 'नाही' किंचित डावीकडे झुकलं होतं. त्याबद्दल त्याने शाईचा पॅड फुकट दिला. कामात तो प्रामाणिक होता.

ताईला पक्के दात बसवायचे ठरलं तेव्हा तिला याच क्लिनिकमध्ये नेणं ओघानेच आलं. बाहेर एवढा मोठा फलक: 'एका दिवसात पक्के दात!' फलकावर एक माणूस सफरचंद चावता चावता हसत होता. दोन्ही एकाच वेळी कसं जमतं, हे कोणी त्याला विचारलं नव्हतं. इम्प्लांट म्हणजे काय ते ताईला पत्रक वाचून कळलं: जबड्याच्या हाडात छोटा टायटॅनियमचा स्क्रू बसवायचा, हाड त्याला धरून ठेवतं आणि वर दात चढवायचा. हिरडीवर काही घासणार नाही. पेला नाही. 'हतरा' नाही. ताईला वाटलं, सुटले.

काउंटरवरच्या रिसेप्शनिस्टने हसून फॉर्म पुढे ओढला. बावीस प्रश्न, समोर बावीस मोकळ्या जागा. तिने शिक्का उचलला, पॅडवर दाबला, आणि ठप्प!

शिक्केवाला नकळत पुढे वाकला. बावीसच्या बावीस 'नाही' बरोबर आपापल्या चौकोनात जाऊन बसले होते.

"बघ ताई," तो हळूच म्हणाला, "माझं काम आहे."

"मॅडम, इथे सही," रिसेप्शनिस्ट म्हणाली.

"अहो, पण माझ्या तोंडात जरा आग—"

"ते डॉक्टरांना सांगा हं."

ताईने सही केली. मग आत गेली. आतल्या डॉक्टरांना गावात सगळे स्माइल डॉक्टर म्हणायचे, कारण ते सतत हसत असत. त्यांच्यासमोर ताईचा एक्स-रे मोठ्या पडद्यावर लागला होता. त्या एक्स-रेला एक तोंडही जोडलेलं आहे, ही गोष्ट त्यांनी फारशी मनावर घेतली नाही.

"डॉक्टर, माझ्या तोंडात सारखी आग—"

"फॉर्ममध्ये भरलंय ना सगळं? मग काळजी नको. आ करा."

ताईने आ केला. आ केल्यावर माणसाला बोलता येत नाही. संपूर्ण दंतवैद्यकात ही एक मोठी सोय आहे.

पहिले दहा दिवस घरात आनंद होता. ताई माइकवर होती, सतरा नंबर पुन्हा सतरा झाला होता. अकराव्या दिवशी हिरडी सुजली. तिसऱ्या आठवड्यात ब्रश लावताच रक्त येऊ लागलं, मग पू. गालातली जाळी पसरत खाली आली आणि उजवीकडचा नवा दात बोट लावलं की हलायला लागला. पुढे पुढे ताईला नीट तोंडही उघडेना. माइकवरून आवाज येत होता, पण ताईचा नाही. मॅनेजरांनी मशीन 'नुसतं ट्रायल म्हणून' लावलं होतं आणि ताईला चौकशीच्या खिडकी क्रमांक दोनमध्ये बसवलं होतं, तोंडाला रुमाल लावून. चौकशीच्या खिडकीत, जिथे फक्त बोलायचंच काम असतं!

भावंडं पुन्हा क्लिनिकमध्ये गेली. स्माइल डॉक्टर हसून म्हणाले, "तुम्ही नीट घासत नाही आहात."

"घासलं की आग होते," ताई रुमालामागून म्हणाली. "सहा वर्षं होतेय."

"सहा वर्षं! मग सांगितलं का नाही?"

"मी सांगत होते—"

डॉक्टरांनी फॉर्म मागवला आणि त्यावर बोट ठेवलं. "हे बघा. प्रश्न नववा. 'तोंडात वारंवार जळजळ, फोड किंवा चट्टे येतात का?' उत्तर, नाही. खाली सही तुमची. आता मी काय करणार?"

शिक्केवाल्याचा चेहरा लाल झाला. त्याला खूप काही म्हणायचं होतं, पण तोंडातून भलतंच बाहेर पडलं.

"तो शिक्का मी बनवलाय."

"हो ना," डॉक्टर म्हणाले. "फार छान उमटतो."

शहराच्या दुसऱ्या टोकाला सरकारी दंत महाविद्यालय होतं. तिथल्या तोंडाच्या आजारांच्या विभागात एक वयस्क डॉक्टरीणबाई बसायच्या. विद्यार्थी त्यांना मागून 'कधीपासून मॅडम' म्हणायचे, कारण त्या प्रत्येक माणसाला, अगदी पंखा दुरुस्त करायला आलेल्यालासुद्धा, पहिला प्रश्न तोच विचारायच्या.

"कधीपासून?" त्यांनी ताईला विचारलं.

"सहा वर्षं."

"काय खाल्लं की जास्त? घासताना कुठे? रात्री होतं की दिवसा? अंगावर कुठे खाज, चट्टे? औषधं कोणती चालू?" प्रश्न पाऊण तास चालले आणि त्यांत क्लिनिकची सगळी हकिकतही निघाली. मग त्यांनी टॉर्च लावून आत पाहिलं, गाल बोटाने हलकेच बाजूला करून पाहिलं, जीभ उचलायला लावून पाहिलं. "सहा वर्षांत असं गालांच्या आत उजेड टाकून कितीजणांनी पाहिलं?"

"तुम्हीच पहिल्या."

मॅडमनी टॉर्च टेबलावर ठेवला. ठेवला म्हणजे आपटलाच.

"हे कोण?"

"माझा धाकटा भाऊ."

"एका घरात राहता? मग भावाने बघितलं नाही कधी?"

"मी शिक्के बनवतो," शिक्केवाला म्हणाला.

"मी ते विचारलं नाही."

शिक्केवाल्याने भिंतीकडे पाहिलं. भिंतीवर जबड्याचं चित्र होतं. तेही त्याच्याकडे पाहत असावं.

मॅडम ताईकडे वळल्या. आवाज जरा खाली आला. "बाई, याला लायकेन प्लॅनस म्हणतात. आपल्याच शरीराची संरक्षणाची यंत्रणा आपल्याच तोंडाच्या अस्तरावर उठते. संसर्गाचा नाही, कोणाला लागत नाही, तुमच्या कुठल्या पापाने झालेला नाही आणि उष्णतेनेही नाही. मुळासकट जात नाही, पण काबूत राहतो. गालाचा एक बारीक तुकडा काढून तपासून घेऊ, कारण थोड्या लोकांत पुढे त्यातून वाईट काही होऊ शकतं. म्हणून तो नजरेखाली ठेवायचा. घाबरायचं नाही, पण विसरायचंही नाही."

"म्हणजे मला पक्के दात बसणारच नव्हते का?" ताईने विचारलं. एवढ्या सगळ्यात आगीशिवाय तिचे डोळे पहिल्यांदाच भरून आले.

"कोण म्हणतं? हा आजार असलेल्या माणसांनाही इम्प्लांट बसतात आणि चांगले टिकतात. पण आधी औषधाने हा भडका शांत करायचा, हिरडी भरून येऊ द्यायची, घासायला जमेल असं करायचं, मग स्क्रू. आणि नंतर ठरावीक दिवसांनी दाखवत राहायचं. पेटलेल्या घरात जाऊन कोणी फरशी बसवतं का? यांनी बसवली! वर तुम्हालाच विचारतायत, फरशी तडकली कशी!"

हे ऐकून शिक्केवाल्याला धीर आला. रागावण्यासारखं दुसरं कोणी सापडलं की माणसाला मोठा धीर येतो. त्याने फॉर्मची प्रत टेबलावर आपटली. "बघा, मॅडम! फसवणूक! सरळसरळ फसवणूक!"

मॅडमनी चष्मा चढवला आणि असं काही केलं, जे त्या फॉर्मच्या बाबतीत आजवर कोणीही केलेलं नव्हतं. त्यांनी तो अख्खा वाचला.

"प्रश्न चार. 'पूर्वी कधी दातांवर उपचार घेतले आहेत का?' नाही. मग ती कवळी काय झाडाला लागली होती? प्रश्न बारा. 'आपण अन्न चावून खाता का?' नाही. हं. हा शिक्का कोणाचा?"

"माझा. पण मॅडम, आमचं काम फक्त अक्षर. मजकूर गिऱ्हाइकाचा. तशी पाटीच आहे दुकानावर."

"अच्छा." मॅडमनी चष्मा काढला. "ती काउंटरवरची मुलगी म्हणते, मला शिक्का मारायला सांगितलाय. डॉक्टर म्हणतो, माझ्यासमोर फॉर्म आलाय. तुम्ही म्हणता, मजकूर गिऱ्हाइकाचा. मग हे 'नाही' म्हणालं तरी कोण? हिने तर म्हटलेलं नाही! ही दोनदा सांगायला गेली, दोनदा तिचं बोलणं मधेच तोडलं. घरात सहा वर्षं तोडलंत ते वेगळंच! तीन माणसं, तिन्ही सज्जन, तिघांचे हात स्वच्छ. आणि या बाईच्या तोंडात पू! बावीस वेळा 'नाही' कोरताना तुम्हाला एकदाही वाटलं नाही, की अरे, हे कशाचं उत्तर आहे?"

"मी अंतर विचारलं होतं," शिक्केवाला पुटपुटला.

बोलल्याबरोबर ते त्याचं त्यालाच ऐकू आलं. चार दिवस त्याने भिंगातून एकेक 'नाही' पाहिलं होतं. वेलांटीचा बाक पाहिला होता, कान्याची जाडी पाहिली होती. आणि ज्या बहिणीने त्याला बोट धरून शाळेत नेलं तिच्या तोंडात सहा वर्षांत एकदाही नाही! दुसऱ्याच्या अंगावर फेकायला आणलेला राग त्याच्याच हातात फुटला.

मॅडम अजून फॉर्म वाचत होत्या. शेवटच्या ओळीवर त्या थांबल्या. मग एकदाच हसल्या, खोकल्यासारखं.

"शिक्केवाले, हा बाविसावा तुम्हीच वाचा. मोठ्याने."

शिक्केवाल्याने वाचला. "'वरील सर्व उपचार करून घेण्यास माझी संमती आहे का?'"

"उत्तर?"

"नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाला 'हसरा चेहरा'ची बाहेरची खोली गच्च भरलेली होती. तेरा माणसं, तेरा फॉर्म, तेरा ठप्प. ताई शिक्केवाल्याबरोबर आत शिरली, तिने तोंडावरचा रुमाल काढला, घडी करून पर्समध्ये ठेवला आणि खोलीच्या मधोमध उभी राहिली. हिरडी ठणकत होती. तरीही तिने एकोणीस वर्षांचा आवाज काढला.

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे!"

तेराच्या तेरा माणसं उठून उभी राहिली. त्यांचा काही दोष नव्हता. पायांना सवय होती. एक आजोबा तर पिशवी उचलून दारापर्यंत पोचलेसुद्धा.

"आपापल्या हातातला फॉर्म पाहावा. प्रश्न क्रमांक नऊ. माझं तोंड सहा वर्षं आतून सोललेलं आहे. इथे छापलंय, नाही! प्रश्न क्रमांक बावीस. माझी संमती आहे का? इथे छापलंय, नाही! आणि तरीही माझ्या हाडात दोन स्क्रू आहेत!"

खोलीत कागदांची सळसळ झाली.

"अरेच्चा, माझंही बाविसावं नाहीच आहे!"

"मला साखरेचा त्रास आहे हो! इथे नाही लिहिलंय!"

दारापर्यंत पोचलेले आजोबा परत आले. "म्हणजे माझा अख्खा वरचा जबडा यांनी माझा विरोध असताना बसवला?" त्यांनी तो दाखवलाही.

आतून स्माइल डॉक्टर धावत आले. पहिल्यांदाच ते हसत नव्हते. "बाई, हळू बोला! ते बाविसावं चुकून आलंय. तांत्रिक चूक आहे."

"एकाच शिक्क्याने मारलेत ना सगळे?" ताई म्हणाली. "मग नववं खरं आणि बाविसावं चुकीचं, हे कोणी ठरवलं?"

डॉक्टरांनी तोंड उघडलं. त्यातून काही आलं नाही. आ करून बोलता येत नाही हे त्यांना त्या दिवशी दुसऱ्या बाजूने कळलं.

"तुमचे पैसे परत—"

"पैशांचं नंतर बघू. आधी मला विचारा."

"काय विचारू?"

"प्रश्न पहिला. तिथपासून. बावीसपर्यंत. सगळ्यांसमोर."

आणि नागरिकहो, डॉक्टरांनी विचारले! कपाळाचा घाम पुसत, एकेक करून, बावीसच्या बावीस. ताईने उत्तरं दिली. नऊ मिनिटं लागली. फक्त नऊ मिनिटं! एका माणसाचा जबडा वाचवायला एवढा वेळ लागतो, आणि तोच यांच्याकडे नव्हता!

काउंटरवरची मुलगी रडवेली झाली होती. "आम्हाला एका पेशंटला सातच मिनिटं दिलीत हो," ती म्हणाली. "वाचून दाखवायला नऊ लागतात. मी पहिल्याच दिवशी मोजलं होतं. पण बोलले नाही." तिने खण उघडला, शिक्का काढला आणि शिक्केवाल्यापुढे ठेवला. "काका, हा परत घ्या."

शिक्केवाल्याने तो उचलला. खिशात ठेवला नाही. आधी खोलीतल्या तेरा माणसांकडे पाहून म्हणाला, "हा मी केलाय. यांनी मागितला, पण केला मी." मग त्याने पातं काढलं आणि तिथेच काउंटरवर रबर सोलायला घेतलं. सातव्या, झुकलेल्या 'नाही'शी त्याचा हात थबकला. ते एकच त्याला आता जरा बरं वाटलं. निदान ते तरी सरळ उभं राहून खोटं बोलत नव्हतं. मग तेही त्याने कापलं.

पुढचं काही एका दिवसात झालं नाही. खऱ्या गोष्टींना तशी सवय नसते. गालाच्या तुकड्याचा रिपोर्ट चांगला आला. मॅडमनी हलणारा स्क्रू काढला आणि दुसरा वाचवला. लावायचं जेल, गुळण्यांचं औषध, मऊ ब्रश, न झोंबणारी टूथपेस्ट. पाच महिन्यांनी हिरडी गुलाबी झाली. त्यानंतर मॅडमनी नवा स्क्रू बसवला आणि हाडाने त्याला नीट धरेपर्यंत कोणालाही घाई करू दिली नाही. एक दिवस सकाळी सव्वासातला घरात शांतता होती. शिक्केवाल्याची बायको घाबरून धावत आली. "वन्सं, काय झालं?" ताई दात घासत होती. नुसती घासत होती.

मधल्या काळात मशीनने तीन रद्द झालेल्या गाड्या मोठ्या प्रेमाने रवाना केल्या होत्या आणि लोक त्यांच्यामागे धावले होते. मॅनेजर स्वतः खिडकी क्रमांक दोनपाशी आले. "ताई," ते इकडेतिकडे बघत म्हणाले, "आले का दात?"

"आले," ताई म्हणाली. "पण माझी एक अट आहे."

शिक्केवाल्याच्या दुकानातली गिऱ्हाइकं मात्र कमी झाली. कोणी 'समक्ष पाहिले' मागितलं की तो विचारतो, "कोणी पाहिलं? काय पाहिलं?" लोक वैतागून दुसऱ्या दुकानात जातात. बायको म्हणते, "तुम्ही शिक्के विकताय की उलटतपासणी घेताय?" तो म्हणतो, "दोन्ही." दुकानावरची जुनी पाटी त्याने उलटी करून भिंतीला लावली आहे. मागच्या बाजूला काहीच लिहिलेलं नाही. 'कधीपासून मॅडम'नी त्याला एक ऑर्डर दिली, तीही तशीच विचित्र: 'रुग्णाला विचारले' असं वर आणि खाली विचारणाऱ्याने हाताने नाव लिहायला कोरी जागा. आयुष्यात पहिल्यांदा त्याने कोरी जागा कोरली. म्हणतो, सगळ्यात अवघड काम ते. दर रविवारी टॉर्च घेऊन तो ताईला म्हणतो, "आ कर." आणि बघतो. बदल दिसला तर वहीत लिहितो. ताई म्हणते, "पुरे रे, दात मोजतोस की काय?"

नागरिकहो, आपल्यापैकी कितीजणांच्या टेबलावर असा शिक्का आहे? रबराचाच पाहिजे असं नाही. "तोंड आलंय" हाही शिक्काच. "फॉर्ममध्ये लिहिलंय ना" हाही. "माझं काम नाही" हा तर सगळ्यांत जास्त खपणारा. उपचार करणाऱ्याने विचारलं पाहिजे, आणि उपचार घेणाऱ्याने मधेच तोडलं तरी पुन्हा सांगितलं पाहिजे. न वाचता सही करू नका. घरातलं माणूस रोज सकाळी रडत असेल तर त्याला शहाणपण सांगण्याआधी त्याच्या तोंडात एकदा उजेड टाकून बघा. माणसाच्या वतीने 'नाही' म्हणायचा हक्क कोणालाही नाही. बावीस वेळा तर नाहीच!

आणि ताईची अट? ती रोज संध्याकाळी सहाच्या गाडीच्या घोषणेनंतर ऐकू येते. 'स' अगदी स्वच्छ.

"प्रवाशांना काही सांगायचं किंवा विचारायचं असेल, तर त्यांनी खिडकी क्रमांक दोनवर यावं. तिथे माणूस बसलेला आहे. त्याला ऐकून घेण्याचा पगार मिळतो."